कोकणातली एक दिवसाची भटकंती: बूट, मोजे आणि चाकूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि खेड-चिपळूणच्या डोंगरात मी बरीच वर्षं पायी फिरतोय. कधी एकटा, कधी पाहुण्यांना घेऊन. निघायच्या आदल्या रात्री हमखास फोन येतात आणि प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळं एका दिवसाच्या चालीपुरतं आहे, मुक्कामाच्या ट्रेकचं गणित निराळं.

कोकणात चालायला वेगळे बूट लागतात का? ट्रेकचे नेहमीचे बूट चालत नाहीत?

चालतात, पण आधी इथली जमीन समजून घ्या. सकाळी गावातून निघालात की दुपारपर्यंत चार-पाच तऱ्हेची जमीन पायाखालून जाते. आधी जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या लाल दगडाच्या, चिऱ्यांची पाखाडी (पायऱ्यांची वाट), मग वरचा उघडा सडा (कातळाचं पठार), सडा उतरला की व्हाळ (ओढा), पुढे भाताचे बांध, आणि शेवटी खाजणातला (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतला) चिखल नाहीतर पुळण (वाळूचा किनारा). एकाच जातीच्या जमिनीसाठी घेतलेला बूट यातल्या दोन ठिकाणी तरी दगा देतो.

त्यातही खरा गुरू जांभा. कोरडा असताना तो किसणीसारखा खरखरीत असतो, पाय घट्ट धरून ठेवतो आणि मऊ रबर मात्र भराभर खातो. पाऊस सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की त्याच दगडावर शेवाळ धरतं आणि मग त्याच्यासारखं निसरडं काही नाही. पाखाडीवर घसरून मनगट मोडून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. सगळी पायाकडे न बघता गप्पा मारत उतरत होती.

पावसात येतोय. वॉटरप्रूफ बूट घेऊ का?

माझं स्पष्ट मत: नको. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वॉटरप्रूफ बुटात कापडाच्या आत एक पातळ पडदा असतो. बाहेरचं पाणी तो आत येऊ देत नाही आणि पायाच्या घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. पण वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. थंड, कोरड्या मुलखात हे छान जमतं. जुलैत कोकणातली हवा स्वतःच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे वाफ आतच कोंडते आणि तासाभरात मोजे घामानेच भिजतात.

दुसरी गोष्ट, बुटाला वरून भोक असतंच. व्हाळ ओलांडताना पाणी नडगीला लागलं की ते घोट्यावरून आत उतरतं, पँटवरून ओघळणारं पाणीही तिथूनच जातं. एकदा आत गेलं की तोच पडदा त्याला बाहेर पडू देत नाही. मग दिवसभर दोन भांडी पाणी पायाला बांधून चालायचं.

कोकणच्या पावसात पाय भिजणारच. तेव्हा पाणी आत कसं येणार नाही हे बघू नका, आलेलं पाणी किती लवकर बाहेर जाईल ते बघा. वरचा भाग जाळीदार किंवा पातळ कापडाचा, आत जाड स्पंज नाही, असा बूट घ्या. व्हाळातून बाहेर आल्यावर चार पावलं जोरात टाकली की पाणी पचपच करत निघून जातं आणि अर्ध्या तासात पाय हलका होतो. दुकानात बुटाची जीभ दोन बोटांत धरून दाबून बघा. उशीसारखी जाड लागली तर तो बूट दोन दिवस वाळणार नाही.

तळवा कसा पारखायचा?

नखाने. अंगठ्याचं नख तळव्याच्या रबरात दाबा. किंचित रुतून रबर परत वर आलं तर ते ओल्या दगडावर धरेल. नख नुसतंच सरकलं तर ते रबर टणक आहे, टिकेल खूप पण ओल्या कातळावर घसरवेल. मऊ रबर लवकर झिजतं हे मान्य करूनच ते घ्यावं. बूट झिजला तर नवा घेता येतो.

तळव्यावरचे खुंट तीन-चार मिलिमीटर तरी उंच हवेत आणि एकमेकांपासून सुटे हवेत. दाटीवाटीने असतील तर बांधावरचा चिकण चिखल त्यांच्यात बसतो आणि तळवा सपाट होऊन जातो. मग बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथे आपला पाय वाकतो तिथे. मधोमध दुमडणारा बूट सड्यावर तळपायाला बोचतो.

शेवाळावर मात्र कुठलाच तळवा टिकत नाही. दुकानदार काहीही सांगो. तिथे नजर कामाला येते. काळपट, चकचकीत, सपाट दिसतो तो दगड टाळायचा आणि जांभ्याला जिथे भोकं-खळगे आहेत तिथे पूर्ण तळवा टेकवायचा. पाखाडीच्या मधोमध लोकांच्या पायाने पायऱ्या गुळगुळीत झालेल्या असतात. कडेने चाला, आणि उतरताना पावलं लहान टाका.

घोट्याच्या वर जाणारे बूट हवेत का?

पाठीवर पाणी, डबा आणि रेनकोट एवढंच असेल तर गरज नाही. हलका, घोट्याखालचा बूट कमी दमवतो आणि लवकर वाळतो. घोटा पूर्वी मुरगळलेला असेल, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवताळ सड्यावरून चालायचं असेल, तर उंच बूट उपयोगी पडतो. नेपाळी बनावटीचे गोल्डस्टार सह्याद्रीत फिरणारी पुष्कळ मंडळी वापरतात. हलके आणि साधे असतात, म्हणून कोकणातही वाईट नाहीत.

माप कसं घ्यावं?

संध्याकाळी घ्यावं. दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि चालताना आणखी सुजतो. जे मोजे चालताना घालणार तेच घालून दुकानात जा. नाडी बांधायच्या आधी पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट गेलं पाहिजे. मग नाडी घट्ट बांधून दुकानाच्या जिन्यावरून उतरून बघा. अंगठा पुढे टेकला तर मोठं माप मागा. उतरणीवर प्रत्येक पावलाला नख आपटतं आणि संध्याकाळपर्यंत ते काळंनिळं पडतं. नखं मात्र आदल्या दिवशी कापून ठेवा, निघायच्या सकाळी कापली तर कोपरे टोचत राहतात.

सँडल, चप्पल, गमबूट, कोल्हापुरी?

मागे पट्टा असलेली चांगल्या तळव्याची सँडल किनाऱ्याला, पुळणीवर आणि खाडीकाठी उत्तम. डोंगरात खडे आत शिरतात आणि बोटं उघडी राहतात, तिथे नको. कोल्हापुरीचं कातडं पाणी पिऊन फुगतं. गमबूट शेतात उभं राहून काम करायला आहेत, त्यात पाणी गेलं की पाय उचलवत नाही आणि पोटरीला काठ घासून सोलतो.

गावातली माणसं साध्या रबरी चपलेवर सडा तुडवतात, मग आम्ही का नको, असंही विचारतात. त्यांचे पाय लहानपणापासून त्या वाटेवर घडलेले असतात, प्रत्येक दगड ओळखीचा असतो. वर्षातून दोनदा येणाऱ्याने ती बरोबरी करू नये.

किनाऱ्याच्या खडकावर अनवाणी जाऊ नका. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. तिथे आणि कोकणातल्या जवळपास सगळ्या पाणखडकांवर कालवं (शिंपल्यातले जीव) चिकटलेली असतात. त्यांची धार ब्लेडसारखी असते. कापलं की आधी कळतही नाही, पाणी लाल दिसतं तेव्हा कळतं, आणि ती जखम लवकर भरत नाही.

घरात जुने, फारसे न वापरलेले बूट आहेत. ते चालतील ना?

घालून घरापासून चार-पाच किलोमीटर चाला, मग सांगा.

पुष्कळ ट्रेकिंग बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतली ओल त्या थराला हळूहळू तोडत जाते. बूट वापरला नाही तरी हे चालूच राहतं, आणि दमट, गरम हवेत जास्तच. वरून बूट नवा दिसतो आणि आत थराचा भुगा झालेला असतो. कोकणातल्या घरात माळ्यावर चार-पाच पावसाळे काढलेल्या बुटावर म्हणूनच माझा भरवसा नाही.

सुमारगडावरून उतरताना माझ्याबरोबरच्या एकाच्या डाव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटला. महाग, नावाजलेला बूट, जेमतेम तीन वेळा घातलेला. पाच मिनिटांनी उजवाही गेला. सुटलेल्या भागाला बोट लावलं तर ओल्या चुऱ्यासारखं काळं बोटाला लागत होतं. माझ्या पिशवीत सुतळी होती, चाकूने हातभर तुकडे केले आणि चवड्याला व टाचेला गुंडाळून गाठी मारल्या. सुतळी दर पंधरा मिनिटांनी झिजून तुटायची. दीड तासाची उतरण आम्ही चार तासांत उतरलो, शेवटची वाट बॅटरीच्या उजेडात. तेव्हापासून मी कुणाला घेऊन निघताना गाडीतून उतरल्यावर आधी प्रत्येकाच्या बुटाचा तळ ओढून बघतो. लोकांना थोडं अवघडल्यासारखं होतं, होऊ दे.

सुती मोजे का नको? सूत तर घाम शोषतं.

शोषतं, पण सोडत नाही. ओलं सूत पायाला चिकटतं, त्याच्या घड्या पडतात, ओल्या कातडीवर घड्या घासतात आणि फोड येतो. ओल, उष्णता आणि घर्षण, तिघं जमले की फोड ठरलेला. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे मोजे पाणी धरून ठेवत नाहीत. मेरिनो लोकरीचे मोजे ओले झाले तरी पायाला बरे वाटतात आणि वास धरत नाहीत, पण महाग असतात आणि जांभ्याची लाल माती त्यातून कधीच जात नाही. एका दिवसासाठी नायलॉनचे पुरे.

दोन जोड न्या. एक पायात, एक प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. जेवायला थांबलात की बूट-मोजे काढा, पाय पुसा, दहा मिनिटं वाऱ्यावर ठेवा आणि कोरडा जोड घाला. दुपारनंतर पाय का दुखत नाहीत याचं तुम्हालाच नवल वाटेल. बूट चावायला लागला असं वाटताच थांबा. कातडी नुसती लाल असते तेव्हा एक चिकटपट्टी पुरते. फोड आल्यावर काही खरं नाही.

कुसळांचं काय करायचं?

पावसाळा संपला की सड्यावरचं गवत पिकतं आणि कुसळं मोज्यात घुसतात. कुसळाचं टोक सुईसारखं असतं आणि मागे लांब शेपूट असतं. ते शेपूट भिजलं-सुकलं की पीळ घेतं-सोडतं आणि टोक आत आत जात राहतं. बी जमिनीत रुजावं म्हणून निसर्गाने केलेली ही योजना, आपण मध्ये पाय घालतो. मऊ, टॉवेलसारख्या विणीच्या मोज्यात ती शेकड्यांनी अडकतात आणि ओढून काढली तर टोक आत तुटतं. आतून बाहेर ढकलून काढावी लागतात. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरला गुळगुळीत, घट्ट विणीचे मोजे घाला आणि पँट त्यावरून खाली सोडा. कापडी गेटर (बुटाच्या तोंडावरून पोटरीवर चढवायचं आवरण) मिळाले तर फारच छान.

जळवा?

किनाऱ्याला नाहीत, घाटाच्या पायथ्याच्या रानात आणि आंबोलीकडे पावसात भरपूर. घट्ट विणीच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे नेहमीच्या मोज्यावरून घालतात, ते सगळ्यात खात्रीचे. चिकटलीच तर घाबरू नका. तिच्या निमुळत्या तोंडाकडच्या बाजूला नख आडवं सरकवा, ती सुटते. मग मागचं टोक सोडवा. मीठ, पेटती काडी, तंबाखू लावू नका, ती पोटातलं जखमेत ओकण्याचा धोका असतो. रक्त बराच वेळ वाहतं, कारण गोठू न देणारं द्रव्य ती सोडते. धुवा, दाबून धरा.

पावसात फिरून आलं की बोटांमध्ये चिखल्या होतात.

ओला मोजा तासन्‌तास पायात राहिला की होणारच. घरी आल्यावर पाय साबणाने धुवा आणि बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करा. हे बेचक्यांचं काम बहुतेक जण विसरतात. पायावर कापलेलं किंवा सोललेलं काही असेल तर भाताच्या चोंढ्यात, साचलेल्या पाण्यात उतरूच नका. सिंधुदुर्गात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) नवा नाही, आणि त्याचे जंतू अशाच जखमेतून शिरतात. फिरून आल्यावर काही दिवसांनी ताप, अंगदुखी, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना पाण्यात चालल्याचं आवर्जून सांगा.

बूट वाळवायचे कसे?

आधी गोड्या पाण्याने धुवा. खाजणात किंवा समुद्रात गेला असाल तर नक्कीच, मिठाने शिवण आणि नाडीचे छल्ले खराब होतात. आतला सुटा सोल काढून वेगळा ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. चुलीच्या वैलावर ठेवू नका, गोंद सुटतो.

आणि ओटीवर किंवा पडवीत ठेवलेला बूट उलटा करून आपटल्याशिवाय कधीही पायात घालू नका. विंचवाला अंधारी, कोंदट जागा आवडते. कोकणातला लाल विंचू हृदयावर परिणाम करतो, लहान मुलांना तर जिवावर बेततं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध देऊन अशा रुग्णांना वाचवण्याची उपचारपद्धत रुजवली, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. उपचार आहे, पण बूट आपटायला दोन सेकंद लागतात.

चाकू खरंच लागतो का?

क्वचित. पण लागतो तेव्हा दुसरं काही चालत नाही. वर सांगितलेली सुतळी, चिकटपट्टी कापणं, अडकलेली नाडी सोडवणं, मे महिन्यात आंबा आणि श्रावणात तवसं (मोठी काकडी) चिरणं, एवढंच काम. त्याला सहा-सात सेंटिमीटरचं घडीचं पातं खूप झालं. शहाळं फोडायला चाकू काढू नका, पातं तरी मोडेल नाहीतर बोट जाईल. ओला काजू फोडायचा मोह झाला तर आधी हाताला तेल लावा, टरफलातला चीक कातडी भाजतो आणि डाग आठवडाभर जात नाही.

कुठल्या प्रकारचा घ्यावा?

स्टेनलेस पात्याचा. कार्बन पोलादाला सुंदर धार लागते, पण खाऱ्या हवेत एका रात्रीत तांबूस ठिपके येतात. मूठ प्लास्टिकची किंवा धातूची असू द्या. लाकडी मुठीचे घडीचे चाकू दिसायला देखणे असतात, मात्र पावसात लाकूड फुगतं आणि पातं खाचेत असं बसतं की नखाने उघडत नाही. पातं उघडल्यावर अडकून राहणारी कळ असेल तर बोटं सुरक्षित राहतात. बटण दाबताच उडून उघडणारे चाकू अजिबात नकोत. घरी आल्यावर धुऊन, पुसून, सांध्यात खोबरेल तेलाचा एक थेंब. धार गेली तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर दहा-बारा वेळा फिरवा, पुरते.

कोयती न्यावी का? गावात सगळ्यांच्या कमरेला असते.

त्यांच्या कमरेच्या आकडीला असते, कारण त्यांना कवळ (शेतात भाजायच्या झाडाच्या फांद्या) तोडायची असते, कुंपण करायचं असतं. आपल्याला रानात काही तोडायचं नाही. वाट बुजली असेल तर मागे फिरा आणि गावात विचारा.

चाकू बाळगणं कायद्याने चालतं का?

छोटा घडीचा चाकू सहसा अडचणीचा नाही. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या शस्त्रांचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात सुऱ्याही येतात. दुसरं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूही आहे, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. कर्नाळ्याला किंवा फणसाडला जाताना चाकू घरीच ठेवा. विमानाने येत असाल तर तो सामानात टाका, हातातल्या पिशवीत नको.

साप चावला तर चाकूने चिरा द्यायचा ना?

नाही. कधीही नाही. चिरा देऊ नका, रक्त चोखू नका, दोरी आवळू नका. सड्यावर फुरसं असतं आणि त्याचं विष रक्त गोठू देत नाही. अशा माणसाला चिरा दिलात तर रक्त थांबणारच नाही. बूट, मोजा, पैंजण, जोडवी लगेच काढा, कारण सूज चढते. पाय मोडल्यावर बांधतो तसा काठीला धरून स्थिर बांधा, चालवू नका, १०८ ला फोन करा आणि सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्या. फुरशावर चालणारी लस आपल्याकडे मिळते. वेळ महत्त्वाचा.

मुलांना काय घालावं?

पायाला बरोबर बसणारा, खाचा असलेला साधा कापडी बूट. पुढच्या वर्षी होईल म्हणून मोठ्या मापाचा घेऊ नका.

वाटेत बूट काढावे लागतात का?

देवराईत पुष्कळ गावांत काढतात. बरोबरच्या गावकऱ्याने चपला काढल्या की तुम्हीही काढा, विचारत बसू नका. म्हणूनच पटकन सुटणारी नाडी बरी.

कातळशिल्पांवर, म्हणजे सड्यावर कोरलेल्या जुन्या चित्रांवर, तर बूट काय, पायच देऊ नका. उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ, कुडोपी ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. पण सगळीकडे कठडा नाही, आणि भर दुपारच्या उन्हात उथळ रेषा दिसतही नाहीत. सकाळी लवकर किंवा कलत्या उन्हात जा, तेव्हा सावली रेषेत उतरते आणि चित्र उठून येतं. कडेला थांबा, आधी कातळ नीट न्याहाळा, चित्र कुठे संपतं ते कळलं की मगच पुढचं पाऊल टाका.